हवा काळी असते

पहिल्याच तासाला नारमंदाख बाईंनी
मॉनिटरच्या उजव्या अर्ध्यावर
आपला लोकरी गळपट्टा टाकला.
त्या अर्ध्यात यंत्राचं मत होतं.
"ते नंतर," म्हणाल्या. "आधी तुमचं."

आम्ही सातजण. बूट ओले,
नाकात कोळशाचा वास.
उलानबातरच्या जानेवारीत
तिसऱ्या मजल्यावरचा तो हीटरसुद्धा
रात्रपाळीच्या रुग्णासारखा खोकायचा.

"हवा काळी. हाड पांढरं.
पाणी, चरबी, मांस
मधल्या राखाडीत भांडत बसलेले.
एवढं पाठ करा."
मागून गानबोल्द पुटपुटला,
खिडकीबाहेरही हवा काळीच आहे, बाई.
त्या हसल्या नाहीत.
"म्हणून तर आपल्याकडे फोटोंना तोटा नाही."

आम्ही कुणी 'क्षय' म्हणालो की
त्या चष्मा काढून विचारायच्या,
क्षय कुठं दिसला तुला?
मला डाग दिसतो.
केवढा? कडा कशी?
शेजाऱ्याला ढकलतोय, की जवळ ओढतोय?
नाव शेवटी.
बारशाआधी बाळ बघा.

मग गळपट्टा उचलायच्या
आणि यंत्र रंग उधळायचं:
निळ्यात पिवळं, पिवळ्यात लाल,
कोपऱ्यात टक्के,
बाजारातल्या काट्यासारखे, नको तितके नेमके.

एकदा एका मेंढपाळाच्या छातीत
उजव्या खांद्याखाली लाल पेटलं. एक्क्याण्णव टक्के.
सहा माना डोलल्या. माझीही.
त्सेरेनदुलाम तेवढी पडद्याला नाक लावून उभी.
"गाठच आहे," म्हणाली, "पण कापडाची.
देलचं बटण. थंडीत अंगरखा काढला नसेल त्यानं.
माझ्या बाबांच्या देलला अशाच पाच आहेत."
त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये आम्ही
खारट चहाचे पेले आपटत
यंत्राच्या नावानं पोटभर हसलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक जुना फोटो लावला.
गळपट्टा त्याच जागी.
आम्ही डोळ्यांत तेल घालून बघितलं,
फासळ्या मोजल्या, दोन्ही शिखरं,
पडद्याचे कोपरे, गळ्याजवळची हाडं.
सातांचं एकच उत्तर: काही नाही.
"नक्की?"
नक्की.

गळपट्टा निघाला.
हृदयाच्या मागे, सावलीतल्या सावलीत,
एक छोटी लाल चौकट.

आता दिसत होतं.
एकदा दिसल्यावर
न दिसणं जमेना.

"नऊ वर्षांपूर्वी," बाई म्हणाल्या,
"रात्री दोन वाजता हा माझ्यासमोर आला.
कोळशाच्या गाडीवरचा ड्रायव्हर.
मी लिहिलं, दोष नाही. खाली सही.
तो थँक्यू म्हणून गेला.
अकरा महिन्यांनी आला तेव्हा
जिना चढताना दोनदा बसला.
यंत्र तेव्हा नव्हतं.
पण हृदयामागची जागा तेव्हाही होती."

त्या तासाला पुढं काही शिकवलं नाही.
गळपट्टा खुर्चीवर तसाच राहिला,
आणि बाई उघड्या गळ्यानं
उणे तीस अंशांत घरी गेल्या.
गानबोल्द तो घेऊन मागे पळाला;
बस सुटली होती.

आता गोबीत,
दोन खोल्यांच्या दवाखान्यात,
जनरेटर चालू असेल तेव्हा
माझ्या पडद्यावरही दोन अर्धे उजळतात.
उजवा मी टोपीनं झाकते.
माझं कागदावर लिहिते, पेनानं,
म्हणजे खोडता येऊ नये.
मग टोपी उचलते.
कधी ते बरोबर असतं. कधी मी.

आज दोघांनीही लिहिलंय, काही नाही.
बाहेर उंटवाला बाकावर बसून
बूट चढवतोय, एक पाय आत.
दारात त्याचा उंट
फोटोवाल्याकडे बघावा तसा माझ्याकडे बघतो.

थांबा हो जरा, मी म्हणते.
बूट राहू द्या. देल मात्र काढा.
एकदा कुशीनं उभे राहा,
हात वर.
मला मागची जागा बघायचीय.